रस्ता आला की गरिबी हटते का?

प्रश्न: ग्रामीण रस्ता झाला की उत्पन्न वाढतं, असं गृहीत धरलं जातं. अभ्यास काय सांगतात? आणि निधी मोजकाच असेल तर थोडे किलोमीटर डांबरी करावेत की जास्त किलोमीटर मुरमाचे?

प्रतिसाद १: अभ्यासांचं एकमत नाही. इथिओपियातल्या १५ गावांच्या अभ्यासात (२००९) बारमाही रस्त्यामुळे गरिबी ६.९ टक्के-बिंदूंनी घटलेली दिसली. भारतातल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेवर अर्थतज्ज्ञ ॲशर आणि नोवोसाद यांचा २०२० चा निष्कर्ष वेगळा आहे: चार वर्षांनी माणसं शेतीबाहेरच्या कामाकडे वळली, पण पीक, उत्पन्न, मालमत्ता फारशी हलली नाही. रस्त्याने वाहतूक स्वस्त होते, एवढंच. मालाला एकच खरेदीदार आणि एकच टेम्पो असेल, तर वाचलेलं भाडं शेतकऱ्यापर्यंत पोचतच नाही. हे नेहमी विसरलं जातं.

प्रतिसाद २: डांबर की मुरूम हा प्रश्न नंतरचा. आधी भर पावसात तो रस्ता पायी तपासा आणि वाहन नेमकं कुठे अडतं ते लिहून काढा. बहुतेकदा एखादा ओढा, एक खडा चढ आणि पाणी साचणारा सखल तुकडा, एवढंच निघतं. ओढ्यावर मोरी (रस्त्याखालून पाणी जायची वाट) किंवा फरशी पूल (पुराचं पाणी वरून जाऊ देणारा ठेंगणा पूल), चढावर चाकांपुरत्या काँक्रीटच्या दोन पट्ट्या, सखल भागात भराव आणि गटार. बाकी लांबी तशीच राहिली तरी चालते. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात पुरामुळे नदी ओलांडता यायची नाही आणि मजुरीची कमाई १८ टक्क्यांनी पडायची. तिथे नुसते पायी जायचे पूल बांधले आणि ही घसरण थांबली!

मुरूम वापरायचाच तर मधोमध उंची हवी: पावणेचार मीटर रुंदीला कडेपेक्षा साधारण ९ सेंमी. ही उंची दबून सपाट झाली की पाणी चाकोरीत उभं राहतं, मग खड्डे. चढ ६ टक्क्यांच्या (१०० मीटरला ६ मीटर) पुढे आणि पाऊस जोराचा असेल तर मुरूम टिकत नाही.

प्रश्नकर्ता: आणि देखभाल?

प्रतिसाद २: वाहतूक आणि पावसाने मुरूम वर्षाला २० ते ३० मिमी झिजू शकतो. म्हणजे १५० मिमीचा थर पाच-सात वर्षांत संपतो. मुरूम पुन्हा टाकायचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. गटार आणि मोरीची तोंडं पावसाआधी साफ हवीत. तुंबलेली मोरी भरावासकट वाहून जाते.

प्रतिसाद ३: ग्रामसडक योजनेत बांधणाऱ्या ठेकेदाराकडेच पाच वर्षांची देखभाल असते. ती कलमं जरूर बघा. सहाव्या वर्षी जबाबदारी कुणाची, हेही आधीच लिहून घ्या.