पहिल्या चार प्रकरणांनंतर ‘ड्रॅक्युला’ ओसरते, असं माझं मत

कूलरपाशी (धरमपेठ, नागपूर)
नवतप्यात दुपारी घराबाहेर पडवत नाही, म्हणून ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ काढली. कादंबरी १८९७ची, प्रत बर्डीवर जुन्या पुस्तकांत मिळालेली. वकील हार्करची काउंट ड्रॅक्युलाच्या किल्ल्यातली डायरी, म्हणजे पहिली चार प्रकरणं, एका बैठकीत संपवली. दाढी करताना त्याच्या खांद्यावर या रक्तपिपासू काउंटचा हात पडतो आणि आरशात कुणीच नाही. पुढे तोच काउंट डोकं खाली करून भिंतीवरून पालीसारखा उतरतो. कूलर चालू असताना खिडकी लावायची नसते हे लहान पोरालाही ठाऊक आहे. मी लावली.

उरलेल्या तेवीस प्रकरणांत काउंट जवळपास गायब! नुसत्या तारा, पत्रं, डायऱ्या. हार्करची बायको मिना रेल्वेचं टाइमटेबल पाठ करून बसलेली, काउंटच्या मागावरचा डॉक्टर व्हॅन हेल्सिंग एकदा बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. शेवटी गळ्यावर कुकरी, छातीत सुरा, झाली धूळ. एवढ्यासाठी पळालो का आपण? उत्तम दीर्घकथेला कादंबरीचं शेपूट लावलंय.

महालातली वाचक
दादा, सातव्या प्रकरणातली, काउंटला इंग्लंडला आणणाऱ्या डेमीटर जहाजाची नोंदवही वाचली की चाळली? कप्तान तारखेवार लिहितो. आज एक खलाशी दिसत नाही, मग दुसरा. काउंटचं नाव एकदाही नाही, कुणाला फक्त उंच, बारीक माणूस दिसल्याचा उल्लेख. जहाज व्हिटबीला लागतं तेव्हा कप्तान स्वतःला सुकाणूला बांधून घेऊन मेलेला. काउंट पानावर नसताना मला जास्त भीती वाटली. आजी भर दुपारी बारा वाजता चिंचेखाली जाऊ द्यायची नाही. तिथे काय आहे ते तिने कधीच सांगितलं नाही, म्हणून तर आम्ही जात नव्हतो.

तर्री_जास्त
मी तं भाऊच्या बाजूनं. तीनदा चालू केली, तीनदा त्या मिनाच्या मैत्रिणीपाशी, लूसीपाशी अडकलो. एकीला तिघं मागणी घालून राहिले, त्याचंच पत्रावर पत्र. भूत कुठी हाये बे?

लॅबवाला
तर्रीभाऊ, लूसीपाशीच तर खरी मजा आहे. मी रक्त तपासण्याचं काम करतो, त्यामुळे तो भाग वाचताना माझा घसा कोरडा पडला. काउंट तिचं रक्त पितो, म्हणून आर्थर (तिचा ठरलेला नवरा), सेवर्ड, व्हॅन हेल्सिंग, क्विन्सी, चौघांचं रक्त एकामागून एक तिला चढवतात. गट बघायचा प्रश्नच नाही, शास्त्रज्ञ लँडस्टायनरने रक्तगट मांडले ते १९०१ साली. आज आमच्याकडे असं कुणी केलं तर काउंटची गरजच उरणार नाही! आणि तिच्या मृत्यूनंतर आर्थर म्हणतो, माझं रक्त तिच्या अंगात गेलं तेव्हाच जणू आमचं लग्न लागलं. बाकीचे तिघे ऐकून गप्प. मला तो प्रसंग आरशापेक्षा भारी वाटला.

कूलरपाशी
जहाजाचं मान्य. रक्ताचंही, निम्मं. पण ही मधली बेटं झाली. पुरुषमंडळी बैठका घेतात, मिना टाइप करते, त्याचं काय?

महालातली वाचक
तिथेच तर मेख आहे! सगळ्यांच्या डायऱ्या एकत्र टाइप करून तारखा जुळवते ती मिना. आणि काम झाल्यावर ते ठरवतात, बाईमाणसाला हे सोसणार नाही, हिला आता काही सांगायचं नाही. हे सगळे शेजारच्या वाड्यात काउंटच्या लपायच्या पेट्या शोधत असतात, तेव्हा तो तिच्यापाशी असतो. सकाळी हार्कर लिहितो, मिना फिकट दिसते, दमली असेल. अरे, लूसीचं असंच झालं होतं ना? ते कागद तुझ्याच बायकोने टाइप केलेत! मी बसमध्ये वाचत होते, ‘अरे गाढवा’ मोठ्याने निघालं तोंडातून. शेजारच्या काकू दचकल्या. कागद नसते तर आपल्याला हार्करच्या आधी कळलं असतं का?

तर्री_जास्त
म्हणजे चौथ्यांदा चालू करू का?

कूलरपाशी
कर. शेवट घाईत उरकलाय हे मी मागे घेत नाही. अठरा ते एकवीस प्रकरणं मात्र आज रात्री परत वाचतो. व्हॅन हेल्सिंगचं भाषण आलं की पानं उलटणार, त्यावर कुणी वाद घालू नये.