'द जर्मन्स' सर्वोत्तम? एकदा परत बघा

कडबोळं : परवा इथेच कुणीतरी ठोकून दिलं की 'फॉल्टी टॉवर्स' या हॉटेलवरच्या ब्रिटिश विनोदी टीव्ही मालिकेचा सर्वोत्तम भाग 'द जर्मन्स', बाकीचे अकरा नुसती भरती. राहवेना म्हणून लिहितोय. बारा भागांत सगळ्यात विस्कळीत कुठला असेल तर तोच. आधी इस्पितळ आणि मूसचं (मोठ्या हरणाचं) मुंडकं, मग फायर ड्रिल, आणि जर्मन येतात उरल्यासुरल्या वेळात. याउलट 'द किपर अँड द कॉर्प्स' घ्या. हॉटेलमालक बेसिल नाश्त्याचा ट्रे घेऊन पाहुण्याच्या खोलीत जातो, पडदे सरकवतो, एकटाच बडबडतो आणि पाहुणा साधं थँक्यू म्हणाला नाही म्हणून फणफणत खाली येतो. पाहुणा रात्रीच गेलाय! नाश्त्यातल्या किपरची (धुरावलेल्या माशांची) तारीख उलटलेली, त्यामुळे ते मासेच भोवले असं वाटून हा ते स्वेटरखाली दडवतो. माशांनी मेला नाही हे कळल्यावर प्रेताशेजारी त्याला जो आनंद होतो, त्याला तोड नाही. एक प्रेत, एक थाप, फाटे नाहीत.

अडकित्ता : विस्कळीत? अहो, साखळी आहे ती. तिजोरी उघडल्यावर चोरघंटा वाजते, पाहुण्यांना वाटतं ड्रिल सुरू झाली. बेसिल वाद घालतो की ड्रिलची घंटा अर्ध्या सुराने वर आहे! मग ड्रिलच्या वेळी स्पॅनिश वेटर मॅन्युएल खरोखर पेटतो आणि हा त्याला आतच कोंडतो. आग विझवायचं नळकांडं स्वतःच्याच तोंडावर उडतं, वर मॅन्युएलच्या हातातला तवा डोक्यात. तवा बसला नसता तर मेंदूला मार नाही, आणि मार नसता तर 'युद्धाचा विषय काढू नका' म्हणत जर्मन पाहुण्यांकडून कोल्डिट्झ (नाझींचा युद्धकैद्यांचा तुरुंग) सॅलडची ऑर्डर घेतली नसती. परत बघायची गरज तुम्हालाच आहे.

रातकिडा : आणि त्याच भागातला, हॉटेलात राहणाऱ्या म्हाताऱ्या मेजरचा ओव्हल मैदानावरचा किस्सा? बाईला भारताचा सामना दाखवायला नेतो आणि तिची 'चूक' सुधारतो : ती वापरते ती शिवी वेस्ट इंडीजवाल्यांची, हिंदुस्थानी लोकांची वेगळी! बीबीसीने २०१३ च्या पुनर्प्रक्षेपणात ते कापलं. २०२० मध्ये यूकेटीव्ही या ब्रिटिश वाहिनी कंपनीने अख्खा भागच काढला, मग ओरड झाल्यावर इशारा लावून परत ठेवला.

कडबोळं : कापलं ते बरं केलं. शिवी आपल्याला, हशा त्यांना.

रातकिडा : हशा शिवीला नाहीच, शिव्यांची वर्गवारी चोख ठेवणाऱ्या म्हाताऱ्याला आहे. ते कापलं की मेजर नुसता प्रेमळ आजोबा उरतो. मालिकेचा सहलेखक आणि बेसिल झालेला जॉन क्लीज, त्याचंही म्हणणं हेच होतं.

अडकित्ता : मग मॅन्युएलचं काय? 'बार्सिलोनाचा आहे' म्हटलं की सगळे हसतात, तिथे कुणाला कात्री आठवत नाही. स्पॅनिश डबिंगमध्ये त्याला इटालियन करून टाकला, यातच काय ते आलं.

कडबोळं : म्हणजे मारही खायचा आणि देशही बदलायचा. छान.

खलबत्ता : मार खोटा नव्हता हो. आगीच्या प्रसंगात धूर निघावा म्हणून कोटाला रसायन लावलं होतं, त्याने मॅन्युएल झालेल्या अँड्र्यू सॅक्सला भाजलं. 'वेडिंग पार्टी'त तर डोक्यात खरं पातेलं बसलं. आता मूळ विषयावर या. माझं मत 'बेसिल द रॅट'ला. उंदरासाठी विष लावलेला व्हीलचा (वासराच्या मांसाचा) काप चांगल्या कापांत मिसळतो आणि जेवायला बसलाय आरोग्य निरीक्षक. कुठलं ताट कुणापुढे, हे आपल्याला घडीघडी मोजावं लागतं. संपामुळे भाग लांबला, दुसऱ्या मालिकेचे पाच मार्च १९७९ पर्यंत संपले आणि हा ऑक्टोबरात आला. बिस्किटांच्या डब्यातून उंदीर निरीक्षकाकडे बघतो, इतका नेटका शेवट बाकी अकरांत दाखवा.

कडबोळं : दाखवत नाही. तव्याची साखळीही दिली, घ्या. पण 'द जर्मन्स'च्या सुरुवातीला नेहमी दिसणारी हॉटेलची पाटीच नाही, इस्पितळ दिसतं. फॉल्टी टॉवर्सचा सर्वोत्तम भाग, आणि पाटी गायब?

अडकित्ता : पाटीवरच मतदान असेल तर 'द सायकायट्रिस्ट'ला द्या. तिथे पेपरवाला पोरगा पाटीवरची अक्षरं इकडची तिकडे हलवताना रंगेहाथ सापडतो.