मदत हवी आहे: नांगरावर उभी यॉट लई डुलालीय, फ्लॉपर स्टॉपर घरीच बनवू का?

नमस्कार मंडळी, मी बेळगावचा, उद्यमबागेत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, समुद्रातलं ओ की ठो कळत नाही हे आधीच सांगतो. वास्कोच्या भावजींनी सेकंडहँड मोटर यॉट घेतलीय, 42 फुटी, वजन 12 टनाच्या आसपास. चालताना ठीक असते पण ग्रँड आयलंडजवळ नांगर टाकून जेवायला बसलं की ताटं इकडून तिकडं. आमच्या आईला चोर्ला घाटात आजवर कधी गाडी लागली नाही, तिला पण बोट लागली बघा.

दुपारी वारा वायव्येचा, बोट वाऱ्याकडं तोंड करून उभी राहते आणि मोठी लाट येते नैऋत्येकडून, म्हणजे सरळ कुशीत. भावजींनी कुणाचं तरी ऐकून तळात 800 किलो वाळूची पोती टाकली तर आणखीनच बिघडलं, आधी दहा हेलकाव्यांना 41 सेकंद लागायचे ते 39 वर आले, वजन खाली गेल्यावर बोट ताठ झाली आणि झटका मारून सरळ व्हायला लागली. पोती काढायला मलाच लावलं.

आता जायरो घेऊया म्हणालेत. त्यातलं जड चाक बोट कलली की पुढंमागं झुकून उलटा जोर देतं, उभ्या बोटीतही चालतं, पण चाक स्पीडला येईस्तोवर अर्धा-पाऊण तास, वर जनरेटर चालू ठेवा, आणि किंमत ऐकून मी गप्पच बसलो. साधे फिन, म्हणजे बोटीच्या तळाला दोन्ही बाजूंना बसवलेले पंख, चालत्या बोटीलाच उपयोगी, आमचं दुखणं उभ्या बोटीचं.

म्हणून फ्लॉपर स्टॉपर. दोन्ही बाजूंना बूम, म्हणजे आडवा दांडा, बाहेर काढून त्याच्या टोकाला पाण्यात प्लेट लटकवायची, ती बाजू खाली जाताना प्लेट मिटून बुडते, वर येताना उघडून पाणी धरते. 316 स्टेनलेसमध्ये दोन दिवसांत करून देईन. प्लेट मोठी करू का बूम लांब? चुकून डेकला भोक पडलं तर बहिणीकडं माझं जेवण बंद.

प्रतिसाद (कारवारहून): बूमच लांब करा की. लांबी दुप्पट केली तर प्लेटचा वेगही दुप्पट आणि लिव्हरही दुप्पट. टोकाला वर, पुढं, मागं दोरीनं ताण द्या, मग बूमच्या बुडाला, डेकला जोडतो तिथं, वाकवणारा लोड राहत नाही. पण आधी मागून दुसरा नांगर टाकून तोंड लाटेकडं धरून बघा, फुकटातलं काम आहे.

धागाकर्ता: मागचा नांगर डोक्यातच आला नव्हता हो. रविवारी जातोय. पण मग वारा कुशीला लागणार, नांगर सरकला तर?