जुन्या वाड्यासाठी लाकडी छटेच्या यूपीव्हीसी खिडक्या: मदत हवी आहे

वाई येथील आमच्या जुन्या वाड्याच्या पश्चिमेकडील दर्शनी भिंतीतल्या सागवानी खिडक्यांच्या झडपा बदलणे आता भाग आहे. झडपांना वाळवी लागली असून खालच्या बिजागरीजवळ बोट टेकवले तरी भुगा गळतो. चौकटी मात्र शाबूत आहेत. सुताराकडून जोड लावून घेतले, वाळवीचे औषधही मारले, परंतु पावसाच्या झडीने झडपा दर वर्षी फुगतातच. सर्व खिडक्या नव्या सागवानात करणे परवडणारे नाही.

म्हणून यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, लाकडी छटेच्या खिडक्यांचे नमुने पाहिले. त्यांत पांढऱ्या प्रोफाइलवर (चौकट आणि झडपा ज्यांपासून बनतात त्या पट्ट्यांवर) लाकडी रेषांची फिल्म चिकटवलेली असते. ती समोरून शोभते, पण झडप उघडताच आतल्या कडेचा पांढरा रंग दिसतो आणि वाड्याच्या तोंडावर तो खटकेल, असे मला मनापासून वाटते. शिवाय गडद रंग उन्हात अधिक तापतो. सरकत्या खिडक्या नको आहेत. बाहेरचे लोखंडी गज काढायचे नसल्यामुळे दोन झडपा आतल्या बाजूस उघडणाऱ्याच हव्यात आणि डासांच्या जाळीलाही जागा हवी.

सातारा-सांगली भागात अशा खिडक्या बसवून ज्यांचे काही उन्हाळे-पावसाळे गेले आहेत, त्यांनी कृपया सांगावे: पश्चिमेच्या उन्हात फिल्मचा रंग उडतो किंवा तिच्या कडा सुटतात का, सर्व बाजूंनी लाकडी रंगाचे प्रोफाइल मिळते का, आणि काच थोडी लहान झाली तरी जुनी चौकट राखून तिच्या आतच नवी बसवावी, की जुनी काढूनच काम करावे?