मदत हवी आहे: गावच्या सोसायटीचा बोर्ड, पिशवी आणि शिक्का बदलायचाय

नमस्कार मंडळी. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात सभासदांच्या मालकीचं किराणा दुकान आहे. कागदोपत्री ग्राहक सहकारी भांडार, गावाच्या तोंडी नुसती 'सोसायटी'. यंदा मी संचालक मंडळावर नवा, त्यात कॉम्प्युटर येतो, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं.

दारावरचा बोर्ड पेंटरने हाताने रंगवलेला आहे: माड, सूर्य आणि हातात हात. देखणा आहे, पण चार पावसाळे जास्तच झाले, पत्रा गंजलाय. पावतीवर तेच चित्र झेरॉक्सची झेरॉक्स होत होत काळा डाग झालंय. शिक्क्यात तर 'भांडार'चा अनुस्वारच उमटत नाही.

भाच्याने फोनवर तीन लोगो करून दिले. हिरवं पान, ट्रॉली, इंग्रजी नाव. सभेत दाखवले, तर मागून एक मावशी म्हणाल्या, "बोर्ड नवो, पूण उकडे तांदूळ पोरनेच मू?" सगळे हसले. मी फोन खिशात घातला.

आता माझ्या डोक्यात माटोळी घोळतेय, गणेश चवथीला गणपतीच्या वर बांधतात ती. कुणी नारळ आणतो, कुणी तोरिंजन, कुणी सुपारीचा घड, आणि सगळं एकाच चौकटीला टांगलं जातं, सोसायटीही तशीच. पण सभासदांत ख्रिस्ती घरंही आहेत. त्यांना हे चिन्ह आपलं वाटेल का? एक जुने संचालक म्हणतात, सहकार सप्ताहात लावतो त्या झेंड्याचे सातही रंग घ्या. नाव देवनागरीतच ठेवणार. मराठीवाले मराठी वाचतील, कोकणीवाले कोकणी, निदान तेवढं भांडण तरी मिटेल. खर्चाला ४० हजार मंजूर आहेत आणि चवथीच्या बाजाराआधी निदान पिशव्या तरी हव्यात. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद

छपाईच्या धंद्यात आहे म्हणून सांगतो. सात रंग विसरा. कापडी पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन लागते, खर्च तसाच चढतो. एकच रंग घ्या, भिरंडीचा (कोकमाचा) गडद लाल चालेल. पण कॉम्प्युटरवर दिसतो तसा छापून येत नाही, आधी कापडावर नमुना काढून बघा.

माटोळी चवथीच्या पोस्टरवर छान दिसेल. कायमचं चिन्ह जुनंच ठेवा, फक्त साफ करा. बोर्डाचा समोरून सरळ फोटो काढा आणि त्यावरून व्हेक्टर (कितीही लहान-मोठं केलं तरी रेषा न बिघडणारी फाइल) करून घ्या. सूर्याची किरणं काढून टाका, माडाच्या झावळ्या पाच-सहाच ठेवा. दोन सेंटिमीटरच्या शिक्क्यात जे वाचता येतं तेच पक्कं. अक्षरांसाठी 'मुक्त' किंवा 'बलू' हे फॉन्ट बघा, दोन्ही 'एक टाइप' या संस्थेचे, युनिकोड आणि फुकट. ठळक अक्षरात अनुस्वार टिकतो.

नावाला हात लावू नका. नाव बदललं की उपविधी (सोसायटीची नियमावली) दुरुस्ती आणि सहकार निबंधकांच्या फेऱ्या आल्या. चिन्हाला ते काही लागत नाही. तांदूळ-डाळीच्या पाकिटांवर एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) क्रमांक, वजन, एमआरपी असतं, त्यामुळे जुनी लेबलं संपल्यावरच नवी छापा. आणि डिझायनरकडून मूळ कोरलड्रॉ फाइल मागून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी परत फोटोचा फोटो.

धागाकर्ता

आभार, जीव भांड्यात पडला. रंगवणारे पेंटरमामा अजून गावातच आहेत, काल गाठलं. हात थरथरतो म्हणून ब्रश सोडलाय, पण बोर्डाचा खाका त्यांनी कागदावर जपून ठेवलाय. त्यात किरणं नाहीतच! म्हणाले, ती तेव्हाच्या चेअरमननी मागाहून घालायला लावली. आता सांगा, खाका फोटो काढून द्यावा की स्कॅन करून? कागद घडीवर फाटलाय.