साडेतीनचं गणित कोणी समजावेल का?

मंडळी, मदत हवी आहे. न्यू जर्सीत राहतो, इथे 2018 पासून खेळांवर पैज लावणं कायदेशीर आहे. आजवर क्रिकेट सोडून कशात डोकं घातलं नव्हतं, पण ऑफिसातल्या पोरांमुळे एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगचे, प्लेऑफ बघायला लागलो आणि खाज सुटली.

परवा ज्या टीमवर उणे साडेतीनने (म्हणजे निदान 4 गुणांनी जिंकली तरच पैज माझी) पैसे लावले, ती बरोब्बर 3 गुणांनी जिंकली. टीम जिंकली, मी हरलो! बायको अजून हसतेय. फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून मारणं) 3 गुणांचा असतो, म्हणून बऱ्याच मॅच तेवढ्याच फरकाने संपतात, हे नंतर डोक्यात शिरलं. मग जादा भाव मोजून साडेतीनचं तीन करून घेणं परवडतं का? आधीच 100 डॉलर मिळवायला 110 लावायचे, म्हणजे शंभरातल्या 53 पैजा जिंकल्या तर कुठे दोन पैसे सुटणार.

आणि ओव्हरटाइममधले गुण एकूण गुणांच्या पैजेत धरतात ना? प्लेऑफमध्ये बरोबरी चालत नाही, म्हणून विचारतोय.

20 डॉलरच्या वर जात नाही, तेव्हा उपदेश नको, हिशेब सांगा.