समुद्रकाठच्या छोट्या पर्यटनगावात परदेशी म्हणून राहायचंय, घर घेताना काय बघावं?

प्रश्न: वर्षभरासाठी भाड्याने घर घेतोय, समुद्र 200 मीटरवर. करार करण्याआधी काय तपासू?

उत्तर 1: आधी करारच. अशा गावांत हंगामाबाहेर घर स्वस्तात देतात आणि सुट्ट्या लागल्या की पर्यटकांसाठी रिकामं करून मागतात. सलग 12 महिने लेखी हवेत. त्या पत्त्यावर रहिवासी नोंदणी होईल का, तेही विचारा. हंगामी करारावर ती बऱ्याचदा अडते, मग बँक खातंही अडतं.

उत्तर 2: खारी हवा विसरू नका! बाल्कनीचे स्क्रू, बिजागऱ्या 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या आहेत का बघा. 304 ग्रेडवर लवकर तांबूस डाग पडतात, कारण त्यात 316 सारखं मॉलिब्डेनम (गंज रोखायला मदत करणारा धातू) नसतं. एसीचं बाहेरचं युनिट महिन्यातून एकदा, वीज बंद करून, गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवायचं. प्रेशर वॉशर मारलात तर पातळ पत्र्या वाकतात, हवा कोंडते.

उत्तर 3: आर्द्रता 60 टक्क्यांवर राहिली की बुरशी आलीच. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, मागे हात घालून ओल चाचपा. आणि हो, अनेक देशांत 183 दिवसांनंतर तुम्ही करासाठी रहिवासी ठरता. दिवस मोजत जा.